लेक कुठाय?

दत्ताराम घाडीगावकर यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या माघातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या चौकात. वेळ मला नक्की माहीत आहे. आमच्या घरहक्क चळवळीची सभा अकराची होती, माईक दहा मिनिटं लागत नव्हता, आणि लागला तेव्हा त्यातून बाहेर पडलेलं पहिलं नाव त्यांचं होतं. नाव घेणारी मी. पत्रक लिहिणारी मी, छापून आणणारी मी, वाटणारीही मीच. त्यामुळे दोषी कोण हे ठरवायला चौकशी समिती नेमायची गरज नाही.

घाडीगावकर, म्हणजे आमच्या गल्लीचे घाडीमामा, हे जागांचे एजंट. पण त्यांचा सगळा कारभार लग्नाच्या भाषेत. विकायची खोली म्हणजे 'मुलगी'. घेणारे 'मुलाकडचे'. कागदपत्रं म्हणजे 'पत्रिका', आणि त्यात काही भानगड असेल तर 'मंगळ'. बयाणा दिला की 'साखरपुडा'. सोसायटीच्या सेक्रेटरीने ना-हरकत द्यायला खळखळ केली की 'त्यांचा मानपान राहिलाय'. रजिस्ट्रेशनच्या दिवशी इस्त्रीचा सदरा आणि कानात अत्तराचा बोळा. दोन्ही पक्ष अंगठे द्यायला मशीनसमोर बसले की मामा मागे उभे राहून काहीतरी पुटपुटायचे. मंगलाष्टक असावं असा माझ्या बाबांचा अंदाज आहे.

लाँड्रीच्या जिन्याखाली त्यांचं टेबल. वर पाटी: 'योग्य स्थळे. पत्रिका तपासून मिळेल.' एकदा लालबागचे एक गृहस्थ ती पाटी वाचून आत आले आणि म्हणाले, मुलीसाठी आलोय. मामांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, किती जुनी? गृहस्थ जरा थांबून म्हणाले, सत्ताविसावं चालू आहे. मामांनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं, पावसात गळते का? त्यानंतर लाँड्रीवाल्याला मध्ये पडावं लागलं. चहा मागवला गेला, माफी मागितली गेली. पुढे त्या मुलीचं लग्न दुसरीकडे कुठेतरी जमलं, पण लेक-जावयासाठी खोली घ्यायला ते गृहस्थ मामांकडेच आले.

मामांनी स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "आमची पत्रिका देणारं घरात कोण उरलं नाय."

खोली बघायला गेले की चपला दाराबाहेर. मग खोलीच्या मधोमध फतकल मारून बसायचे आणि दहा मिनिटं एक शब्द बोलायचे नाहीत. मुलगी आधी ऐकायची, मग बघायची, हा त्यांचा नियम. एका हॉस्पिटलात रात्रपाळी करणारं नर्स-वॉर्डबॉय जोडपं एका खोलीवर अगदी भाळलं होतं. मामा बसले, ऐकलं, उठले आणि म्हणाले, ही तुमची नव्हे. भिंतीपलीकडे बँजो पार्टीची तालीम चालायची, दुपारी दोन ते पाच. तुम्ही झोपणार कधी? हातातला व्यवहार गेला. खोलीच्या मालकाने मामांच्या नावाने जिना उतरेपर्यंत शिव्या घातल्या.

दुसऱ्या एकाला नव्या टॉवरमधला फ्लॅट घ्यायचा होता. तिथला टायवाला पोरगा नळ, टाइल्स, खिडकीतून दिसणारी समुद्राची पट्टी, सगळं दाखवत होता. मामांनी त्याला जन्मदाखला मागितला. तो गोंधळून म्हणाला, सर, माझा? "इमारतीचा, बाळा. भोगवटा प्रमाणपत्र. ही राहण्याजोगी आहे असं पालिकेने म्हटलंय, तो कागद." तो कागद नव्हता. मामा गिऱ्हाइकाला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. बिनदाखल्याची मुलगी शाळेत घेत नाय, घरात कोण घेईल, असं लिफ्टमध्ये सर्वांदेखत म्हणाले.

हे सगळं मला पत्रक लिहिण्याआधी माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे मला सवलत मिळायला नको.

मला मात्र त्यात फक्त धंदा दिसत होता. त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण भाड्याची खोली शोधत दादर ते गिरगाव सात दलालांकडे फिरलो होतो. त्यांचा पहिला प्रश्न आडनाव काय, दुसरा प्रश्न लग्न झालंय का. सात जणांचा तो राग मी आठव्यावर काढला. आठवा एवढ्याचसाठी की तो आमच्या गल्लीत बसत होता.

आता आमच्या घराकडे येते. बाबा छापखान्यातून रिटायर झाले, आईचे गुडघे गेले, आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट असलेल्या ठिकाणी जायचं ठरलं. चाळीची सोसायटी झाली तेव्हापासून खोली आजोबांच्या नावावर होती. आजोबा-आजी दोघंही गेले, सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून बाबांचं नाव. बाबांनी मला न विचारता घाडीमामांना बोलावलं.

मामा आले, चपला काढल्या, बसले. दहा मिनिटं आम्ही सगळे आपल्याच घरात पाहुण्यासारखे उभे. मग ते उठून मोरीपाशी गेले, कठड्यावरून सावकाश हात फिरवला. गळती बघत असतील असं मला वाटलं. तिथूनच त्यांनी विचारलं, "लेक कुठाय?"

मला त्यांची भाषा पाठ होती. म्हटलं, ही काय, आत्ता तिच्याच मांडीवर बसून उठलात. एकशे ऐंशी फूट, वर्ण सावळा, मंगळ नाही. आई हसली, बाबा हसले, दारात उभ्या शेजारणी हसल्या. मामाही हसले, पण जरा उशिरा. मग बाबांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तसं नाय. लेक कुठाय?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी मामांना सांगितलं की आम्हाला घर विकायचंय, वरात काढायची नाहीये. तुमच्या दोन टक्क्यांसाठी हा सगळा खेळ आता पुरे. त्यांनी चपला घातल्या. उंबऱ्यावर थांबून मला एवढंच म्हणाले, "पत्रकबाई, मंगळ आहे."

हे वाक्य मी पत्रकात 'गिऱ्हाइकाला भीती घालण्याचं तंत्र' या मथळ्याखाली छापलं.

पत्रकाचं नाव 'दलाल हटवा, घर वाचवा'. सभेत मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मामा तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, स्वतःच्या हातातल्या प्रतीवर बोट ठेवून माझ्याबरोबर वाचत होते. माझं झाल्यावर त्यांनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं आता भांडण होणार. ते म्हणाले, घाडीगावकरमधल्या 'गा'वर टिंब नाय, तेवढं पुढच्या वेळी बघा. आणि चहाचा कप कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून गेले. टाळ्या मला मिळाल्या.

आठवड्याच्या आत लाँड्रीवाल्याने त्यांना टेबल हलवायला सांगितलं. गिऱ्हाईक कुरकुर करतं म्हणाला. मामांनी टेबल एकट्याने ढकलत ढकलत कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर नेलं, टायपिस्ट लोकांच्या रांगेत. आमच्या एका कार्यकर्त्याने मागून फोटो काढला. तो मी चळवळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, पहिला विजय.

मग आमच्या खोलीचा व्यवहार मी केला. माझं दुसरं पत्रक होतं, 'दलालाविना व्यवहार: सात सोप्या पायऱ्या'. त्यातली चौथी पायरी अशी: नॉमिनी नेमलेला असेल तर वारसांची कटकट नाही. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मला ते खरं वाटलं, म्हणून मी ते छापलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने ज्याच्या हातात कागद ठेवायचे तो नुसता सांभाळणारा, आणि हिस्सा सगळ्या मुलांचा, मुलींसकट, हे आमच्या गल्लीत पाटी लावून बसलेल्या एका माणसाला तोंडपाठ होतं. त्याला मी नुकतंच फुटपाथवर पाठवलं होतं.

घेणारं जोडपं आम्हाला ग्रुपवरच मिळालं, चांगली माणसं. बाबांचं प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहिलं. त्यात वाक्य घातलं, 'मी कै. वडिलांचा एकमेव वारस आहे.' एकमेव हा आमच्या चळवळीतला लाडका शब्द. आमची मागणी नेहमी एकमेव असते. बाबांनी वाचलं, पेन उचललं आणि मध्येच थांबून विचारलं, एकमेव? मी म्हटलं, नॉमिनी तुम्हीच ना? त्यांनी मान हलवली. "तू वाचलंयस ना, मग झालं," म्हणाले आणि सही केली. त्या क्षणी त्यांना उषाआत्या आठवली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही.

उषाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहते. आतोबांच्या निवृत्तीला थोडे महिने उरलेत, मग ते क्वार्टर खाली करायचं आहे. आतोबांना पेपर मोठ्याने वाचायची सवय, अग्रलेखापासून जाहीर नोटिशींपर्यंत. जोडप्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने आमच्या खोलीची नोटीस पेपरात दिली होती: कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत कळवावे. आतोबा चहा पिता पिता वाचत गेले, आजोबांचं नाव आलं, 'यांचे एकमेव वारस' आलं, आणि त्यांनी पेपर आत्यापुढे धरला.

आत्याने फोन बाबांना केला नाही, मला केला.

"पेपरात आलंय, दादा एकमेव आहे म्हणून," ती म्हणाली. "मग मी कोण गं?"

मी नॉमिनीबद्दल बोलायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला हिस्सा नको होता, विचारलं असतंस तर डोळे मिटून सही केली असती. आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तिने उचलला नाही.

'मुलींचा वारसाहक्क' या विषयावर माझ्या नावाने दोन पत्रकं आहेत. दुसऱ्याची तर दुसरी आवृत्ती निघाली.

मी कोर्टाबाहेर गेले तेव्हा मामा एका म्हातारीचा अर्ज भरून देत होते. तिचं होईपर्यंत मी फुटपाथवर उभी राहिले. मग त्यांनी विचारलं, साखरपुडा मोडला? मी प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे केली. त्यांनी वाचत वाचत एका जागी बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. 'एकमेव'वर. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. सभेतला माईक, ग्रुपवरचा फोटो, सगळं. त्यांनी विचारलं, नोटिशीला किती दिवस झाले? दहा. "म्हणजे चार आहेत. बाबांना बोलव." आणि टेबलाचा खण लावत म्हणाले, "मोरीवरची उषा तीच ना?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्या मोरीच्या कठड्यावर, आतल्या बाजूला, सिमेंटमध्ये खिळ्याने नाव कोरलेलं आहे. उषा. त्या दिवशी त्यांच्या हाताला ते लागलं होतं. त्या घरात लेक होती हे त्यांना मोरीने सांगितलं होतं, म्हणून ते विचारत होते.

त्या मोरीत मी सव्वीस वर्षं कपडे धुतले, भांडी घासली. मी ते कधी वाचलं नाही.

अँटॉप हिलला आम्ही तिघं गेलो. आत्याने दार उघडलं, बाबांकडे पाहिलं, बाजूला झाली. बाबा वाटेत तीनदा घोकलेलं वाक्य दारातच विसरले. मामांनी चपला काढल्या आणि हॉलच्या मधोमध जाऊन बसले. झालं, आता दहा मिनिटं. वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. आतोबांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. आत्या पदराला हात पुसत उभीच.

"बाय," मामा म्हणाले, "त्या खोलीत तू झोपायचीस कुठे?"

आत्या म्हणाली, कपाट आणि मोरीच्या मध्ये. पाय लांब केले की कठड्याला लागायचे. कठडा नवा बांधला तेव्हा सिमेंट ओलं होतं, तेव्हा तिने खिळ्याने नाव लिहिलं होतं. "त्याच्यावरून मार बसला होता."

"मार मला बसला होता," बाबा म्हणाले. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं वाक्य. "तू माझं नाव सांगितलंस."

"मग? नाव तर माझं होतं ना लिहिलेलं. आपलं नाव आपण कशाला लिहू, दादाने लिहिलं, असं सांगितलं मी."

"आणि त्यांना पटलं."

आत्या हसली आणि हसता हसता तिला बसावं लागलं. मग बाबा तिच्याशेजारी खाली बसले. पुढचं मी लिहीत नाही, ते माझं नाही.

शेवटी आत्यानेच हात पुढे केला. हक्क सोडायचा कागद ना, द्या, सही कुठे करू? मामांनी पिशवीतून कागद काढला. "सोडायचा कागद मी आणला नाय. 'एकमेव'चं 'दोघे' केलंय. तू विकणारी म्हणून सही करायची. मुलीकडची. मग मागून भावाला काय द्यायचं ते दे, नायतर नको देऊ. क्वार्टर सोडल्यावर तुला लागेल. पण आधी सही."

आत्याने कागद शेवटपर्यंत वाचला. डोळे मिटून सही केली नाही.

घेणाऱ्या जोडप्याला मामांनीच समजावलं, पत्रिकेत दुरुस्ती आहे, मुहूर्त महिनाभर पुढे. त्यांच्या बँकेकडे, वकिलाकडे, सोसायटीकडे मामाच फिरले. इतके दिवस ज्याला मी नुसतं किल्ल्या फिरवणं म्हणत होते ते काम काय असतं ते मी मागे मागे हिंडून पाहिलं. रजिस्ट्रेशनला आत्या नव्या साडीत आली. मामांना अत्तराचा वास येत होता.

पण मला सांगायचंय ते अँटॉप हिलचा उतार उतरतानाचं. बाबा पुढे होते. मी मामांना विचारलं की त्या एका शब्दावर तुमचं बोट इतका वेळ का राहिलं?

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, फणसवाडीत आमची खोली होती. आई-बाप गेल्यावर विकली. कागद मीच लिहिले. मीपण तोच शब्द लिहिला होता. "तेव्हा मी एजंट नव्हतो, पत्रकबाई. हुशार होतो."

बहिणीचं नाव सुलोचना. ती माहेरपणाला आली तेव्हा दार उघडलं ते अनोळखी बाईने. शेजाऱ्यांनी सांगितलं की खोली विकली. ती जिना उतरून गेली ती गेलीच. मामा तिच्या सासरी गेले तेव्हा त्या लोकांनीही जागा बदललेली होती. मी विचारलं, म्हणून तुम्ही प्रत्येक घरात शिरून विचारता, लेक कुठाय? ते म्हणाले, "मुलगी बघायला गेलं की विचारायचं असतं." आणि बाबांना गाठायला भराभर पुढे गेले.

मामांचं टेबल मी आणि लाँड्रीवाल्याने कोर्टाबाहेरून परत जिन्याखाली आणलं. ते बरंच जड आहे. ते एकट्याने ढकलत नेणाऱ्या माणसाचा फोटो मी काढायला लावला नव्हता, पण टाकला मी होता. हा मजकूर छापण्याआधी त्यांना वाचायला दिला. टिंब त्यांनी पहिल्यांदा तपासलं. मग एकच शब्द खोडला. मी लिहिलं होतं, 'हरवलेली बहीण'.

"ती कुठे हरवली?" म्हणाले. "तिला मी घालवली."

आता वाचकांना. घर विकायचं किंवा घ्यायचं असेल तर जाणत्या एजंटाकडे जा. सगळे घाडीमामा नसतात, हे सात जणांकडे फिरलेली बाई तुम्हाला सांगते आहे. पण जो तुमच्या घरात बसून तुम्हाला नको असलेला प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो, त्याला चपला घालायला लावू नका. माझी ती चौथी पायरी ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती आजच्या आज फाडून टाकावी.

आणि एक. हा शब्द मी हल्ली जपून वापरते, इथे वापरते: माझी एकमेव मागणी. सुलोचना, माहेरचं आडनाव घाडीगावकर, 'गा'वर टिंब नाही. लहानपण फणसवाडीत, दुसरा मजला, जिन्याला लागून खोली. डावखुरी. आता सत्तरीकडे झुकलेली असेल. तुमच्या घरात, शेजारी, मजल्यावर या वयाची जी कोणी बाई असेल, तिला आज विचारा, तुमचं माहेर कुठलं? आजवर विचारलं नसेल तर आज विचारा. उत्तर फणसवाडी आलं तर भोईवाड्यात लाँड्रीच्या जिन्याखाली येऊन सांगा. ते रविवारीही बसतात.